गुरुवारचा पाचचा तास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पेशाने पियानो शिकवणारी, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी मला धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. अक्षर हलले आहे ते संधिवातामुळे. त्यावरून कोणी शंका काढत बसू नये. एकोणीस वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. ते कायद्याला धरून होते, पण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

ही माझी जन्मभाषा नाही. सत्ताविसाव्या वर्षी बोटीतून उतरले तेव्हा मला हिच्यातले 'हो', 'नाही' आणि 'किती' एवढे तीनच शब्द येत होते. मजकुरात कुठे लिंग चुकले असेल तर वकिलांनी ते दुरुस्त करू नये. चूकही माझीच राहू दे.

वकिलांनी मसुदा पाहून म्हटले, "बाई, मृत्युपत्रात मिळकत लिहायची असते, आत्मचरित्र नाही." मी म्हटले, "माझी मिळकत अशी आहे की तिची हकिगत सांगितल्याशिवाय ती कोणाच्या हातात देता येणार नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मसुदा पुन्हा वाचायला घेतला.

कलम एक. माझ्या देहाचे जे करणे नगरपालिकेला सर्वांत सोपे पडेल ते करावे. त्या वेळी संगीत नको. विशेषतः माझे जुने ध्वनिमुद्रण लावू नये. त्यात दुसऱ्या पानावर मी घाई केली आहे, आणि ती घाई निदान मेल्यावर तरी मला ऐकवू नये. संगीत विद्यालयाच्या प्राचार्यांना भाषण करू देऊ नये. ते आग्रह करतील.

कलम दोन. मी लग्न केले नाही. समुद्रापलीकडे माझा धाकटा भाऊ होता, तो वारला. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, हे माझे एकमेव रक्ताचे माणूस. बँकेत जे असेल ते तिचे. त्यासोबत निळ्या पत्र्याच्या डब्यातली माझ्या आईची पत्रेही तिला द्यावीत.

आई तिकडे पियानो शिकवायची आणि मी तिचीच विद्यार्थिनी. आमच्या शहरात तेव्हा माणसे सकाळी कामावर जात आणि संध्याकाळी घरी येत नसत. आमच्या वाद्यवृंदातले तिघे असे गेले. चौथी मी ठरले असते. आईने माझ्यासाठी तिकीट मिळवले. भावाला परवाना मिळत नव्हता, म्हणून ती त्याच्याजवळ मागे राहिली. दर महिन्याला तिचे पत्र यायचे. पत्रे वाटेत उघडून वाचली जात, त्यामुळे ती त्यात काहीच लिहायची नाही. हवा, शेजारी, खिडकीतले झाड. शेवटी एकच प्रश्न: "हात कसे आहेत?" अठरा वर्षे अशी पत्रे आली. भाचीला ती कंटाळवाणी वाटतील. तरी वाचावीत.

कलम तीन. माझा पियानो इस्पितळातल्या नर्सबाईंना द्यावा. त्या चाळिसाव्या वर्षी शिकायला आल्या, इस्पितळातली ड्यूटी संपवून, पायांना सूज आलेली असताना. त्यांच्या हातात फार कला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण आठ वर्षांत त्यांनी एकदाही "या आठवड्यात जमलं नाही" असे म्हटले नाही. मधली एक पट्टी दमट हवेत अडकते. ती ओढून काढू नये, थोडा धीर धरावा. पियानो जिन्यावरून उतरवताना आमचे ट्यूनर हजर असलेच पाहिजेत. गेली तीस वर्षे त्या पियानोच्या तारा लावताना ते त्याच्याशी बोलतात, आणि पियानो त्यांचे माझ्यापेक्षा जास्त ऐकतो.

कलम चार. जुने हिशेब.

पहिली अकरा वर्षे मी एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवले. तिथले व्यवस्थापक म्हणायचे, "ताटं वाजतात त्याच्यावर आवाज जाऊ देऊ नका." अकरा वर्षांत त्या माणसाने माझ्याशी दुसरे वाक्य बोलल्याचे आठवत नाही. ते आता हयात नाहीत, म्हणून त्यांना माफ करते. त्यात माझे काही जात नाही.

संगीत विद्यालयात मी नोकरी मागायला गेले तेव्हा प्राचार्यांनी माझे वादन ऐकले, मान डोलावली आणि म्हणाले, "हात उत्तम आहे हो, पण तुमचे उच्चार ऐकून मुलं हसतील." हे गृहस्थ हयात आहेत आणि हल्ली माझा उल्लेख 'आमच्या बाई' असा करतात. माझ्या नोटेशनच्या वह्यांपैकी एकही कागद त्यांच्या विद्यालयात जाऊ नये. मुले माझ्या उच्चारांना हसायची, हे मात्र खरे. हसता हसता शिकायचीही.

कलम पाच. शिंप्याच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावरील माझ्या मालकीच्या दोन खोल्या, त्यांतल्या पियानोखेरीज सर्व सामानासह, मी वहिनींच्या नावे करते. वहिनी म्हणजे खालच्या दुकानाच्या मालकीणबाई, दिवंगत शिंपीदादांच्या पत्नी. दुकानामागच्या ज्या खोलीत त्या राहतात तिच्या भिंतीला बारा महिने ओल असते आणि वहिनींना दमा आहे. वर कोरडे आहे.

मी या माणसांकडे पहिल्यांदा गेले ती बाह्या आखूड करून घ्यायला. हॉटेल सोडून या खोल्या तेव्हा भाड्याने घेतल्या होत्या, विकत नंतर घेतल्या, आणि झग्याच्या बाह्या पट्ट्यांवर लोळत होत्या. दादांनी मला खुर्चीवर बसवले, समोर शिलाईचे टेबल ओढले आणि म्हणाले, "वाजवा." मी टेबलावर बोटे चालवली आणि त्यांनी हात हलत असतानाच माप घेतले. तशा बाह्या मला आयुष्यात कोणी शिवून दिल्या नाहीत. टेबलाखाली त्यांची आठ वर्षांची मुलगी चिंध्या गोळा करत बसली होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आवाज कुठाय?"

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. पियानोपाशी मात्र टिकली. मी तिला वाजवायला शिकवले आणि तिने मला बोलायला. अकरा वर्षे या गावात काढूनही मला धड बोलता येत नव्हते. हॉटेलात बोलणार कोणाशी? मी म्हणायची, "तो खिडकी उघड." ती वाजवता वाजवता, मान न वळवता म्हणायची, "ती खिडकी, बाई." मी एकदा तिच्या बाबांना "कुठे गेली होती?" असे विचारले, तर हसून हसून ती स्टुलावरून खाली पडली. बाबा तीन दिवस दुकानात तेच सांगत होते.

तिचे घर रेल्वे फाटकापलीकडे होते, पायी पंधरा मिनिटांवर. तिचा तास गुरुवारी पाचला. गुरुवारी दादांचे दुकान बंद असायचे, म्हणून ती एकटीच यायची. सात वर्षे एकही गुरुवार चुकला नाही. तिच्या उजव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट दुबळे होते आणि एका वळणावर ते हमखास अडखळायचे. ते एक बोट सोडले तर माझ्या आईने दाराआडून ऐकले असते तरी विचारले असते, कोण वाजवतेय.

कलम सहा. आता जे लपवले होते ते.

तेहतीस वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, एका गुरुवारी दुपारच्या टपालाने मला पत्र आले. अक्षर आईचे नव्हते, भावाचे होते. आई वारली होती. तिला जाऊन बावीस दिवस झाले होते. त्या बावीस दिवसांत मी काय काय केले ते मी आठवून पाहिले. नवे बूट घेतले होते. एका विद्यार्थ्याच्या नकलेवर पोट धरून हसले होते. मी पियानोच्या स्टुलावर बसले, झाकण लावलेलेच होते, आणि तशीच बसून राहिले. बाहेर दाट धुके होते.

पाचला घंटी वाजली. मला माहीत होते कोण आहे. उठायचे, दार उघडायचे, आणि सांगायचे, एवढेच होते. पण सांगायचे कसे? खोटे वाटेल, पण त्या क्षणी मला इथल्या भाषेतला एकही शब्द आठवत नव्हता. 'आई' हा शब्दसुद्धा नाही. डोक्यात फक्त माझी भाषा होती आणि ती समजणारे माझे माणूस, भाऊ सोडला तर, आता कोणी उरले नव्हते. दार उघडले तर ती काहीतरी विचारेल, आणि मी तिच्यासमोर मुकी उभी राहीन, याची मला लाज वाटली.

घंटी दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. मग वाजली नाही. मला वाटले, गेली. पण ती गेली नव्हती. थोड्या वेळाने दाराच्या लाकडावर बोटांचा आवाज यायला लागला. ती उभ्या उभ्या, दाराच्या फळीवर, त्या आठवड्याचा धडा वाजवत होती. मी सगळा धडा ओळखला. ते वळण आले, दुबळे बोट अडखळले, तिने पुन्हा सुरुवातीपासून घेतले. पुन्हा तिथेच अडखळले. माझ्यापासून ती सात पावलांवर होती. मी उठले नाही. नंतर पावले जिन्यावरून उतरत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शिंपीदादा आले. दारातच उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती एवढेच मला खटकले. म्हणाले, "बाई, काल पोरगी आली होती का?"

मला वाटले, तिने घरी तक्रार केली. बाईंनी दार उघडलं नाही म्हणाली असेल. मी शरमेने म्हटले, "नाही. आली नाही."

ते म्हणाले, "मग कुठे गेली होती?" मग भिंतीला हात लावून ते खाली बसले आणि मला सांगितले. पाच पंचविसाला, फाटक पडलेले असताना, ती दांड्याखालून वाकून रुळांवर गेली. धुक्यात गाडी कोणालाच दिसली नाही.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. वाक्य तयार होते. आली होती, मी दार उघडले नाही. पण मघाचे 'नाही' तोंडातून गेले होते, आणि ते माघारी घेणे म्हणजे त्या बापाला तिथल्या तिथे सांगणे, की दार उघडले असते तर त्या वेळी तुमची मुलगी माझ्यासमोर बसलेली असती. मी म्हटले, दोन दिवसांनी सांगू. मग म्हटले, महिनाभराने. मग वर्ष झाले.

माझ्या त्या एका शब्दाने काय केले ते लिहून ठेवते. पावणेपाचला घरातून निघालेली मुलगी, बाईंकडे गेली नाही, तर पाच पंचविसापर्यंत होती कुठे? लोकांनी उत्तर शोधून काढले. कोणीतरी तिला बेकरीतल्या एका कामगाराशी कधीतरी बोलताना पाहिले होते. दादांनी भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली. दादांचा हात कधी कोणावर उठलेला मी पाहिला नव्हता. तो माणूस आठवड्याभरात गाव सोडून गेला. दादा त्यानंतर बारा वर्षे जगले आणि त्या बारा वर्षांत त्यांनी मुलीचे नाव घेतले नाही. तिने फसवले, हे मनात धरूनच ते गेले.

वहिनींनी फाटकापलीकडचे घर सोडले आणि त्या दुकानामागे राहायला आल्या. मी गुरुवारचा पाचचा तास पुन्हा कोणाला दिला नाही. तो रिकामा असतो हे वहिनींच्या लक्षात आले, आणि त्या गुरुवारी पाचला वर येऊन बसू लागल्या. तेहतीस वर्षे येत आहेत. आम्ही चहा पितो. त्या माझ्या झग्यांचे काठ तपासतात. कधी कधी म्हणतात, "वही घेऊन निघाली होती हो. वही घेऊन निघालेली पोर दुसरीकडे कशाला जाईल?" मी म्हणते, "हो ना."

आणि त्याच वेळी दारावर बोटे वाजत असतात.

हे वाचून कोणी डॉक्टरांचा दाखला खोटा ठरवू नये. मी हे डॉक्टरांना सांगितले आहे. त्यांनी माझे कान तपासले. वयाच्या मानाने ते उत्तम आहेत. मी घंटी काढून टाकली. सुताराला बोलावून दार तपासून घेतले. तो म्हणाला, लाकूड खणखणीत आहे. पण दर गुरुवारी, चहा ओतून झाला की, दाराच्या फळीवर सुरुवात होते. धडा तोच. ते वळण येते, बोट अडखळते, पुन्हा पहिल्यापासून. वहिनींना ते ऐकू येत नाही. त्या दाराकडे पाठ करून बसतात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहते आणि दाराकडे बघायचे टाळते. मला दार उघडण्याची भीती वाटते असे नाही. अनेकदा उघडले आहे. जिना रिकामा असतो. भीती वाटते ती बंद असतानाची.

वकिलांना विनंती, की मी गेल्यानंतर त्यांनी वहिनींसमोर बसून हे कलम वाचून दाखवावे. मी असताना नको. हा भित्रेपणा आहे, हे मला कळते.

कलम सात. बेकरीतला तो कामगार आता दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी चालवतो, असे ट्यूनरांकडून कळले. त्याला वकिलांनी कलम सहाची नक्कल रजिस्टर टपालाने पाठवावी. सोबत काहीही देऊ नये. भरपाई दिल्यासारखे दिसेल.

कलम आठ. वर न आलेली किरकोळ चीजवस्तू भाचीने घ्यावी किंवा वाटून टाकावी.

पुरवणी, आज सकाळी, सह्यांच्या आधी लिहिलेली. ही मूळ मजकुराचा भाग समजावी.

सह्यांसाठी वकील आले. एक साक्षीदार म्हणून ट्यूनर आले. दुसरे साक्षीदार वकिलांचे कारकून व्हायचे होते, पण ते तापाने पडले. वकील म्हणाले, "दुसरं कोणीतरी बघू." ट्यूनरांना आतली गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी भाबडेपणाने जिन्यातून हाक मारली, "वहिनी, एक सही हवीय, येता का वर?" वकील त्यांना थांबवेपर्यंत वहिनी दारात होत्या.

वकील म्हणाले, "वहिनी, तुम्ही नकोत. मजकुरात तुमचं नाव आहे."

"माझं नाव आहे तर मग मला वाचू द्या," वहिनी म्हणाल्या. "मी कापडसुद्धा उलटून बघितल्याशिवाय घेत नाही."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना म्हणू शकले असते, की कागद पिशवीत घाला. वकील ते करायलाच निघाले होते. मी कागद त्यांच्या हातून घेतला, वहिनींना खुर्ची दिली आणि कलम पाचपासून स्वतः वाचायला सुरुवात केली. घंटी तिसऱ्यांदा वाजल्याचे वाचले तेव्हा वहिनींनी हात वर केला. मी थांबले.

"थांबू नका. शेवटपर्यंत वाचा."

मी वाचले. ट्यूनर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

मग वहिनींनी विचारले, "किती वेळ होती ती दाराशी?"

"दहा मिनिटं. थोडी जास्तच."

"रडली?"

"नाही. वाजवत होती."

"बोलली काही?"

हे मी कलमात लिहिले नव्हते. लिहवले नव्हते. मी सांगितले, "जाताना म्हणाली, 'बाई, मी येऊन गेले हं.'"

वहिनींनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, काच स्वच्छ झाल्यावरही. म्हणाल्या, "तेहतीस वर्षं मी माझ्या पोरीला खोटारडी समजत आले. आणि दर गुरुवारी तुमच्यासमोर बसून."

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

"तिचे बाबा तर तसेच गेले."

मी पुन्हा हो म्हटले.

त्यांनी वकिलांकडे वळून विचारले, "साक्षीदार म्हणजे काय हो?"

"म्हणजे हे आपल्यासमोर झालं असं सांगणारा," वकील म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही सही केलीत तर या दोन खोल्या तुम्हाला मिळणार नाहीत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, कायदाच तसा आहे. मी दुपारी दुसरं माणूस आणतो. घाई करू नका."

"या खोल्यांत मी राहू?" वहिनी म्हणाल्या. "त्या दारातून रोज ये-जा करू? मला माझी ओल बरी." त्यांनी हात पुढे केला. "तेव्हा पोरीच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. द्या इकडे पेन."

मी काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी मला बोलू दिले नाही.

"मी माफ केलंय असं कुठे लिहू नका."

"नाही लिहीत."

"नाही केलं, असं लिहा."

म्हणून लिहिते: वहिनींनी मला माफ केलेले नाही. कलम पाच त्यांच्या इच्छेने रद्द. दोन्ही खोल्या भाचीकडे जातील. कलम सहाचा अखेरचा परिच्छेद, म्हणजे मी गेल्यावर वाचून दाखवण्याचा, आता लागू नाही. बेकरीवाल्याला नक्कल आजच्या टपालाने जाईल. पाकिटावर पत्ता वहिनी स्वतः लिहिणार आहेत.

ठिकाण: शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला, पुढची खोली.
दिनांक: महिन्याची अकरा तारीख, शनिवार, सकाळी पावणेबारा.

मृत्युपत्र करणारी: (सही) पियानोच्या बाई

वरील सही आमच्या डोळ्यांसमोर झाली, मजकूर आम्ही ऐकला आणि आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार पहिले: (सही) पियानो ट्यूनर
साक्षीदार दुसऱ्या: (सही) भिंगरीची आई